टीव्हीवरची ‘दिव्यशक्ती’ची मुले: चिकित्सा नेमकी कुणाची करायची?

गेल्या वर्षी विहारातला रविवारचा बालवर्ग संपल्यावर एका आईने मला मोबाईलवर एक क्लिप दाखवली. एका हिंदी वृत्तवाहिनीवरचा तुकडा होता. दहा-अकरा वर्षांची मुलगी, डोळ्यांवर काळी पट्टी, हातात वर्तमानपत्र. ती मथळा वाचते, नोटेवरचा नंबर सांगते आणि निवेदक ‘चमत्कार, चमत्कार’ म्हणून ओरडतो. आईचा प्रश्न सरळ होता. “ताई, आपल्या एरियात याचा क्लास निघालाय. पंधरा हजार फी आहे. बचत गटातून उचल मिळतेय. लावू का?”

‘हे थोतांड आहे’ असे एका वाक्यात सांगून मी मोकळी झाले असते. पण तिचा मुलगा शेजारीच उभा होता आणि क्लिप बघताना त्याचे डोळे चमकत होते. आपले कार्यकर्ते अशा वेळी अनेकदा एक चूक करतात. ते दावा खोडतात आणि त्याच्याबरोबर मुलालाही खोटे ठरवतात. या कार्यक्रमांमागे काय असते, त्यांचा इतिहास काय, धम्म आणि कायदा त्याबद्दल काय सांगतात, हे एका ठिकाणी असावे म्हणून हा लेख.

हे कार्यक्रम कोणत्या प्रकारचे असतात?

ढोबळमानाने तीन प्रकार दिसतात. पहिल्यात मुलाला मृत व्यक्ती दिसतात, त्यांचे आवाज ऐकू येतात, असा दावा असतो. दुसऱ्यात मूल डोळे बांधून वाचते, रंग ओळखते, सायकल चालवते. तिसऱ्यात मुलाला मागचा जन्म आठवतो. आपल्याकडच्या वाहिन्यांना दुसरा आणि तिसरा प्रकार प्रिय, तर पाश्चात्त्य वाहिन्यांना पहिला.

पहिल्या प्रकाराचे ठळक उदाहरण म्हणजे अमेरिकेतल्या ए अँड ई वाहिनीवर २००८ मध्ये सुरू झालेली ‘सायकिक किड्स’ ही मालिका. ‘आपल्याला आत्मे दिसतात’ असे म्हणणारी मुले त्यात आणली जात. चिप कॉफी नावाचा स्वतःला अतींद्रिय शक्तीचा म्हणवणारा गृहस्थ त्यांना ‘देणगी’ कशी हाताळायची हे शिकवी. सोबत मानसोपचाराचे शिक्षण घेतलेली व्यक्तीही असे. मुलांना ‘झपाटलेल्या’ जागी नेले जाई आणि तिथली भीती, रडणे, थरथरणे कॅमेरा टिपत असे. २०१९ मध्ये ही मालिका पुन्हा आली, तेव्हा जुन्या मालिकेतली काही मुले मोठी होऊन नव्या मुलांची मार्गदर्शक झाली होती. एका पिढीच्या मुलांवर चिकटवलेली ओळख पुढच्या पिढीकडे कशी जाते, हे त्यात दिसते.

चमचे वाकवणारी मुले

या प्रकाराला पन्नास वर्षांचा इतिहास आहे. नोव्हेंबर १९७३ मध्ये बीबीसीवरच्या डेव्हिड डिंबल्बी यांच्या कार्यक्रमात युरी गेलर या इस्रायली माणसाने ‘मनःशक्तीने’ चमचे-काटे वाकवून दाखवले. त्यानंतर ब्रिटनभर घराघरांतून मुले पुढे आली. आम्हीही चमचे वाकवतो, असे ती सांगू लागली. टीव्हीने आधी दाखवले आणि मग मुलांना ‘शक्ती’ आली, हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे.

लंडनच्या किंग्ज कॉलेजातले गणिताचे प्राध्यापक जॉन टेलर यांचा या मुलांवर विश्वास बसला. १९७५ मध्ये त्यांनी ‘सुपरमाइंड्स’ हे पुस्तक काढले. बघणारे कुणी नसले की धातू वाकतो, लक्ष ठेवले की वाकत नाही, असे त्यांना आढळले. त्यावरून त्यांनी शंका घ्यायला हवी होती. त्यांनी मात्र त्याला ‘लाजण्याचा परिणाम’ असे नाव दिले!

त्याच वर्षी बाथ विद्यापीठातल्या पॅम्पलिन आणि कॉलिन्स यांनी सहा मुलांवर साधा प्रयोग केला. खोलीतल्या निरीक्षकाला सांगितले की थोड्या वेळाने लक्ष सैल सोड. भिंतीत एकतर्फी आरसा होता आणि त्यामागे कॅमेरा. लक्ष सैल झाल्याबरोबर बहुतेक मुलांनी हातांनी, कुणी टेबलाखाली, तर कुणी पायाखाली धरून धातू वाकवला. हे निष्कर्ष ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत छापून आले. पुढे टेलर यांनीही अधिक काटेकोर तपासणी केली आणि १९८० च्या पुस्तकात आपले आधीचे मत मागे घेतले.

यात मुलांना लबाड म्हणावे का? एका प्राध्यापकाला, आईवडिलांना, पत्रकारांना चमचा वाकलेला हवा होता. मुलांनी तो वाकवून दिला. मोठ्यांना काय हवे आहे हे मुले फार लवकर ओळखतात.

पट्टीखालची फट

आता आपल्याकडच्या डोळे बांधून वाचण्याकडे येऊ. गेल्या दशकभरात हे ‘मिडब्रेन ॲक्टिव्हेशन’ या नावाने शहराशहरांत विकले गेले. साधारण पाच ते पंधरा वयाच्या मुलांचा मध्यमेंदू ‘जागृत’ करतो, मग मूल डोळ्यांशिवाय बघते, स्मरणशक्ती वाढते, गुण वाढतात, असा दावा.

मध्यमेंदू हा मेंदूच्या खोडाचा जेमतेम दोन सेंटिमीटरचा भाग. डोळ्यांची हालचाल, बाहुलीचे आकुंचन, ऐकण्याचे संदेश पुढे पोहोचवणे, जागेपण टिकवणे ही त्याची कामे. ती जन्मापासून अखंड चालू असतात. तो ‘झोपलेला’ असता तर मूल क्लासपर्यंत चालत आलेच नसते, ते बेशुद्ध पडले असते.

मग मूल वाचते कसे? नाकाच्या बाजूने. नाक आणि गाल यांच्यामध्ये खळगा असतो. वरून कितीही घट्ट पट्टी बांधा, कापूस लावा, त्या खळग्यापाशी खाली बघण्यापुरती फट राहते. भुवया वरखाली केल्या की ती वाढते. म्हणूनच ही मुले कागद छातीपाशी किंवा मांडीवर धरतात, मान किंचित मागे टाकतात, वस्तू नाकाजवळ नेऊन ‘वास घेतात’. मार्टिन गार्डनर यांनी १९६६ मध्येच ‘सायन्स’ या नियतकालिकात ही युक्ती उलगडून दाखवली. रशियातल्या ‘बोटांनी बघणाऱ्या’ स्त्रियांची तेव्हा जगभर चर्चा होती. गार्डनर यांचे म्हणणे साधे होते: डोळ्यांवर पट्टी बांधू नका, डोक्यावर खोकेच घाला.

जादूगारांना हे शतकभर माहीत आहे. पुण्याचे जादूगार रघुवीर डोळे बांधून गर्दीच्या रस्त्यावर मोटारसायकल चालवीत. ते त्याला जादूचा प्रयोग म्हणत आणि प्रेक्षक टाळ्या वाजवून घरी जात. त्याच प्रयोगाला ‘मेंदूविज्ञान’ म्हटले आणि फी घेतली की ती फसवणूक होते. मंगळूरचे नरेंद्र नायक यांनी आणि महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी हे दावे जाहीर आव्हान देऊन खोडले आहेत. जेम्स रँडी यांच्या संस्थेचे दहा लाख डॉलर्सचे आव्हान २०१५ पर्यंत खुले होते. कोणत्याही अतींद्रिय दाव्याने ते जिंकले नाही.

टीव्ही काय करतो?

युक्ती मुलाची असली तरी चमत्कार संकलनाच्या टेबलावर तयार होतो. दोन तासांच्या चित्रीकरणातून आठ मिनिटे दाखवली जातात. चुकलेली उत्तरे गळतात, बरोबर आलेली उरतात. ‘इथे कुणीतरी म्हातारे माणूस होते का? छातीचा काही त्रास होता का?’ असे मोघम प्रश्न फेकायचे, समोरच्याच्या चेहऱ्यावरून पुढचा प्रश्न ठरवायचा, ही ज्योतिषी-मांत्रिकांची जुनी हातोटी. अंधाऱ्या घरात मुलाला उभे करून ‘कुणी जाणवतंय का?’ असे विचारणे म्हणजे उत्तर आधीच हातात देणे. भीतिदायक संगीत नंतर घालतात. ‘आम्ही या दाव्याची पुष्टी करत नाही’ ही ओळ बारीक अक्षरात धावते, ती वाचणारा कुणी नसतो.

म्हणून क्लिप बघताना तीन गोष्टी विचाराव्यात. किती वेळा चुकले, ते दाखवले का? तपासणी कुणी आखली, क्लासवाल्याने की त्रयस्थाने? आणि यातून पैसा कुणाला मिळतो?

मुलाचे काय होते?

माझ्या कामात मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती इथे. मुलांना आवाज ऐकू येणे, कुणी दिसल्यासारखे वाटणे हे दुर्मीळ नाही. अनेक देशांतल्या पाहण्यांचा २०१२ मध्ये एकत्रित आढावा घेतला गेला. ९ ते १२ वयोगटात साधारण १७ टक्के आणि १३ ते १८ वयोगटात साडेसात टक्के मुलांनी असे अनुभव सांगितले होते. बहुतेकांचे हे अनुभव वाढत्या वयात मागे पडतात. झोप लागताना भास होणे, जाग आल्यावर शरीर हलवता न येणे, घरातल्या मृत्यूनंतर आजीचा आवाज ऐकू येणे, यांना साधी स्पष्टीकरणे आहेत. थोड्या मुलांच्या बाबतीत मात्र ती ताणाची, अत्याचाराची किंवा आजाराची खूण असते आणि तेव्हा वेळेवर मदत लागते. ‘तुला देणगी आहे’ असे टीव्हीवर सांगितले की दोन्ही प्रकारच्या मुलांचे नुकसान होते. पहिल्याचा भास पक्का होतो, दुसऱ्याचा उपचार लांबतो.

आणखी एक नुकसान असते, परतीची वाट बंद होण्याचे. १९१७ मध्ये इंग्लंडमधल्या कॉटिंग्ली गावात सोळा वर्षांची एल्सी आणि नऊ वर्षांची फ्रान्सिस या बहिणींनी कागदी पऱ्या कापून त्यांच्यासोबत फोटो काढले. गंमत होती. शेरलॉक होम्सचे लेखक आर्थर कॉनन डॉयल यांनी ती खरी मानून छापली. एवढ्या मोठ्या माणसाला आपण फसवले हे सांगायची लाज वाटली आणि कबुली द्यायला १९८३ साल उजाडले. गंमत करणाऱ्या मुली तोवर म्हाताऱ्या झाल्या होत्या.

अमेरिकेत २०१० मध्ये स्वर्गात जाऊन परत आलेल्या मुलाचे पुस्तक खूप खपले. तो सहा वर्षांचा असताना अपघातात जखमी झाला होता. जानेवारी २०१५ मध्ये त्यानेच जाहीर पत्र लिहून सांगितले की मी मेलो नव्हतो, स्वर्गात गेलो नव्हतो, लक्ष मिळेल असे वाटले म्हणून बोललो. प्रकाशकाला पुस्तक मागे घ्यावे लागले.

हे फार दूरचे वाटत असेल तर आपल्या वस्तीतले सांगते. एका मुलाने असा क्लास पूर्ण केला होता. पाहुणे आले की त्याला पट्टी बांधून वाचायला लावत. एकदा चित्र काढता काढता तो मला हळूच म्हणाला, “नाकाजवळून दिसतं ताई. पण मम्मीला नका सांगू. तिनं पैसे भरलेत.”

अकरा वर्षांचे पोर आईचे पैसे वाया गेले हे तिला कळू नये म्हणून रोज खोटे वागत होते.

पायाळू, अंजन आणि ‘कुमारिकापञ्ह’

मुलांना ‘यंत्र’ म्हणून वापरणे आपल्याला नवे नाही. पायांकडून जन्मलेल्या, म्हणजे पायाळू मुलाला जमिनीखालचे पाणी आणि धन दिसते, अशी समजूत महाराष्ट्रात खोलवर आहे. गुप्तधन शोधणारे मांत्रिक अशा मुलांच्या मागावर असतात. चोरी झाली की लहान मुलाच्या नखावर काजळ लावून त्याला ‘काय दिसते’ विचारायचे, हा अंजनाचा प्रकारही जुना. टीव्हीने काजळाच्या जागी पट्टी आणली, एवढाच फरक.

विशेष म्हणजे पालि साहित्यात याची नोंद आहे. दीघनिकायातल्या ब्रह्मजाल सुत्तात श्रमणाने टाळायच्या हीन विद्यांची, म्हणजे मिथ्या उपजीविकेची, लांब यादी आहे. तीत आरशाला प्रश्न विचारणे, देवाला प्रश्न विचारणे यांच्याबरोबर ‘कुमारिकापञ्ह’ आहे. लहान मुलीच्या अंगात देवता आणून तिच्याकडून उत्तरे मिळवणे, असा अर्थ अट्ठकथेत दिला आहे. मुलाला माध्यम बनवून पोट भरणे ही अयोग्य उपजीविका आहे, असे हे सुत्त स्पष्ट म्हणते.

त्याच निकायातल्या केवट्ट सुत्तात नालंदेचा केवट्ट नावाचा गृहस्थपुत्र बुद्धांना सुचवतो की एखाद्या भिक्खूकडून चमत्कार करवावा, म्हणजे लोकांची श्रद्धा वाढेल. बुद्ध नकार देतात. चमत्कार दाखवला तर अश्रद्ध माणूस म्हणेल, ही गांधारी विद्या आहे. दुसऱ्याच्या मनातले सांगितले तर म्हणेल, ही मणिका विद्या आहे. म्हणजे त्यातून काहीच सिद्ध होत नाही. खरे प्रातिहार्य एकच, उपदेशाने माणसात होणारा बदल. विनयपिटकात पिंडोल भारद्वाजांची गोष्ट आहे. राजगृहाच्या श्रेष्ठीने उंचावर टांगलेले चंदनाचे पात्र त्यांनी ऋद्धीने मिळवले. बुद्धांनी त्यांची कानउघाडणी केली, गृहस्थांपुढे चमत्कार दाखवायला मनाई केली आणि ते पात्र फोडून त्याची पूड करायला लावली. आपल्याकडे नसलेल्या अलौकिक सिद्धीचा खोटा दावा करणारा भिक्खू तर संघातूनच बाहेर जातो.

इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट मान्य करायला हवी. पालि ग्रंथांत ऋद्धींच्या कथा आहेत आणि कुणीतरी त्या आपल्याला दाखवणारच. बाबासाहेबांनी या प्रश्नाला बगल दिली नाही. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये अलौकिकावरचा विश्वास त्यांनी थेट अधम्मात घातला. कारण तो विश्वास शोधबुद्धीच मारतो. कथा ग्रंथात असणे हा पुरावा नव्हे. कालामांना दिलेला उपदेश ग्रंथांनाही लागू आहे.

कायदा काय म्हणतो?

डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली आणि त्यानंतर महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. तथाकथित चमत्कार करून पैसे मिळवणे आणि त्यांचा प्रचार करून लोकांना फसवणे हा त्यात गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे आणि दंड पाच हजार ते पन्नास हजार रुपये. तक्रारीसाठी पोलिसांत दक्षता अधिकारी असतो. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने यंत्र-ताईतांच्या चमत्कारी गुणांच्या टीव्ही जाहिराती या कायद्यात बसतात, असा निर्णय दिला.

केबल टेलिव्हिजन नियम, १९९४ मधला सहावा नियम अंधश्रद्धेला प्रोत्साहन देणारे कार्यक्रम दाखवायला मनाई करतो. २०२१ च्या दुरुस्तीनुसार तक्रार आधी वाहिनीकडे करायची आणि वाहिनीने पंधरा दिवसांत निर्णय द्यायचा. त्याने समाधान झाले नाही तर पुढे दाद मागता येते. तारीख, वेळ, कार्यक्रमाचे नाव लिहून ठेवा, म्हणजे तक्रार टिकते. मनोरंजनात काम करणाऱ्या बालकलाकारांबाबत २०१७ चे नियम दिवसाला पाच तासांची मर्यादा घालतात आणि उत्पन्नाचा किमान पाचवा हिस्सा मुलाच्या नावे ठेवायला सांगतात. ‘दिव्यशक्ती’च्या मुलाला मात्र कुणी कलाकार म्हणत नाही, त्यामुळे हे संरक्षणही त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.

कार्यकर्त्यांनी काय करावे?

१. मुलाला गर्दीत, कॅमेऱ्यासमोर उघडे पाडू नका. दावा क्लासचालकाचा आहे, आव्हान त्याला द्या.

२. तपासणी साधी ठेवा. हनुवटीखाली रुंद पुठ्ठा धरा किंवा कागद मुलाच्या डोक्यामागे धरा. डोळ्यांशिवाय दिसत असेल तर पुठ्ठ्याने फरक पडायला नको.

३. मूल आवाज ऐकू येतात म्हणत असेल तर हसू नका, घाबरवू नका आणि मांत्रिकाकडे नेऊ देऊ नका. झोप, शाळा, घरातले वातावरण विचारा. टेली मानस १४४१६ आणि चाइल्डलाइन १०९८ हे क्रमांक विहाराच्या फळ्यावर कायम लिहून ठेवा.

४. पालकांना मूर्ख ठरवू नका. पंधरा हजार भरणारी आई अंधश्रद्धेपेक्षा स्पर्धेला घाबरलेली असते. आपले मूल मागे पडेल ही भीती खरी आहे. तिला उत्तर द्यायचे तर अभ्यासवर्ग, वाचनालय, शिष्यवृत्तीची माहिती आपल्याकडे तयार हवी.

त्या रविवारच्या आईला मी तेव्हा फक्त एक आठवडा थांबायला सांगितले. पुढच्या रविवारी विहारात वीस मुले बसवली, प्रत्येकाला ओढणीची पट्टी बांधली. नाकाजवळून कसे बघायचे हे शिकवायला मी त्या क्लास केलेल्या मुलालाच आधी गुपचूप विचारले. तो तयार झाला. दहा मिनिटांत वीसही मुले वाचू लागली आणि हसून लोळू लागली. मग पुठ्ठे वाटले. सगळ्यांचे वाचन थांबले.

त्याची आई मागे उभी होती. तिने त्याला जवळ घेतले आणि पैशांचा विषय काढला नाही. दुसऱ्या आईने उचल घेतली नाही. तिचा मुलगा आता रविवारी येतो तो ही युक्ती नव्या मुलांना शिकवायला, आणि पुठ्ठा कसा धरायचा हेही तोच दाखवतो.